मधुवंतीच्या खिडक्या

थाटीपूर, ग्वाल्हेर
९ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझा फोन लागत नाही, किंवा लागतो आणि तू उचलत नाहीस. त्यातलं नेमकं काय ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, म्हणून ईमेल करते आहे. हा पत्ता अजून चालू आहे का, तेही माहीत नाही.

अण्णांचं काहीतरी बिनसलंय. काय, ते मला सांगता येत नाही. घडलं तसं लिहिते, तूच अंदाज कर.

मागच्या महिन्यात माझ्या क्लिनिकमधले टूथब्रश कमी व्हायला लागले. पेशंटना द्यायला ठेवते ते. मग दातांच्या खाचा तपासायची एक बारीक आकडी गेली. क्लिनिक आहे त्या नया बाजारात चोर असतील, पण ते टूथब्रश कशाला नेतील? त्यानंतर घरातला माझा केस वाळवायचा ड्रायर सापडेना. शेजारच्या मंदाताई, त्या तू परदेशी गेल्यावर राहायला आल्या, संध्याकाळी मी क्लिनिकला असते तेव्हा अण्णांवर लक्ष ठेवतात. त्यांना विचारलं, तर आधी दार लोटून घेतलं त्यांनी. मग हळूच म्हणाल्या की अण्णा रोज संध्याकाळी मागे बोटीपाशी जातात आणि एकटेच कोणाशीतरी बोलत असतात. वहिनींशी बोलत असतील, असं त्यांना वाटतं. वहिनी म्हणजे आई.

त्या दिवशी मी लवकर घरी आले. 'मधुवंती' अजून मागच्या आवारात ट्रॉलीवरच आहे. आई गेल्यापासून तिची ताडपत्री कोणी काढली नव्हती. आता ती अर्धी गुंडाळलेली होती आणि अण्णा स्टुलावर उभे होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, स्टुलावर! स्वयंपाकघरातून वायर ओढून आणलेली, हातात माझा ड्रायर. केबिनच्या खिडकीभोवती ती काळी रबरी पट्टी होती ना, ती आता काळी राहिलेली नाही. उन्हानं राखेसारखी झालीय, बोट लावलं तर भुकटी लागते. तिच्यावर ते गरम हवा सोडत होते आणि बोलत होते. "हो, हो, लांबूनच धरलाय." मग जरा थांबून, "नाही गं बाळा, काचेवर नाही जात." आणि हसले.

मला त्यांनी कधी बाळ म्हटल्याचं आठवत नाही. आईला तर नाहीच.

मी हाक मारली तर दचकले. कोणाशी बोलत होतात, विचारलं, तर म्हणाले कोणाशी नाही. हे काय चाललंय, तर म्हणाले पट्टी काळी करतोय, ऊब दिली की रबरातलं तेल वर येतं. हे कोणी सांगितलं, विचारलं तर वायर गुंडाळायला लागले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शंतनूच्या बोटीची पार रया गेली होती."

दादा, हॉस्पिटलच्या जिन्यात ते तुला जे बोलले, त्या दिवसापासून त्यांनी तुझं नाव उच्चारलेलं नाही. मी स्टूल धरून उभी राहिले.

तू त्यांना फोन केलास का? केला असशील तर एवढंच कळव.

सिमू


२० सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर मिळालं. 'मी फोन केलेला नाही. बोट विकून टाक.' एवढंच. अण्णा कसे आहेत, मी कशी आहे, काही नाही. पण पत्ता चालू आहे हे कळलं, तेही काही कमी नाही.

म्हणजे ते तुझ्याशी बोलत नाहीत. मग कोणाशी?

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. कान तपासायचे आहेत असं सांगून नेलं, कारण जुलैत त्यांना नवी श्रवणयंत्रं बसवली आहेत. डॉक्टरांनी गप्पा मारता मारता स्मरणशक्तीची सगळी तपासणी उरकली. वार, महिना, शंभरातून सात वजा करत जा, घड्याळाचं चित्र काढा. अण्णांनी घड्याळ असं काढलं की छापल्यासारखं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात हयात गेलेला माणूस. डॉक्टर खूश झाले. मग सहज विचारलं, "बाबूजी, आजकल दिन कैसे कटता है?" अण्णा म्हणाले, "नाव की खिड़कियाँ ठीक कर रहा हूँ. दिसंबर में पानी में उतारनी है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले की बाकी सगळं उत्तम आहे, पण या वयात एखादीच गोष्ट घट्ट धरून ठेवली जाते, त्यांना दुखवू नका, फक्त स्टुलावर चढू देऊ नका.

गाडीत मी विचारलं, डिसेंबरात बोट पाण्यात कोण नेणार? म्हणाले, "बघू." कोणासाठी? "बोट पाण्यासाठीच असते, सीमंतिनी." पूर्ण नाव घेतलं की त्यांना पुढं बोलायचं नसतं, हे तुला माहीत आहे.

मग मी ठरवलं. ते पडतील, आणि मी तेव्हा क्लिनिकमध्ये कोणाच्या दाढेत वाकलेली असेन. भोपाळच्या तलावावर बोटी चालवणारे एक विक्रमसिंह आहेत, त्यांचा नंबर मिळवला. ते पुढच्या महिन्यात ट्रेलर घेऊन येतील. अण्णांना अजून सांगितलेलं नाही. बरोबर करते आहे ना? तू म्हणालास विकून टाक, म्हणून विचारतेय. तू म्हणाला नसतास तरी विचारलं असतं.

सिमू


५ ऑक्टोबर

दादा,

आज अण्णांबरोबर पाटणकर बाजारात गेले होते. गाडीच्या सामानाच्या दुकानात चल म्हणाले. बोट जाणार हे मला माहीत, त्यांना नाही, आणि मी निमूट गाडी चालवतेय. मला माझंच कळत नव्हतं.

दुकानात ते रबर काळं करायचं औषध मागत होते. दुकानदारानं विचारलं, "बाबूजी, गाड़ी कौन सी है?" अण्णा म्हणाले, गाडी नाही, नाव आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, अगदी डॉक्टरांसारखंच. मला आधी शरम वाटली आणि मग त्या दुकानदाराचा राग आला. मी म्हटलं, "सही कह रहे हैं, नाव है. दिखाइए." मी असं का म्हटलं?

घरी आल्यावर मीही बोटीपाशी गेले, त्यांनी स्टुलावर चढू नये म्हणून. स्टुलावर मी, खाली खुर्चीत ते. आधी साबणाच्या पाण्यानं पट्टी धुवायची. मग टूथब्रश. आकडीनं कोपऱ्यातली माती काढायची, ते काम मला बरं जमलं, दातांसारखंच आहे. ती पांढरी भुकटी पूर्ण गेल्याशिवाय औषध लावायचं नाही, नाहीतर चट्टे राहतात. काचेवर आणि पांढऱ्या रंगावर कागदी टेप लावायचा. मग फडक्यावर थोडंसं औषध घेऊन एकाच दिशेनं हात फिरवायचा, थोडं मुरू द्यायचं, उरलेलं पुसायचं, आणि वाळलं की पुन्हा एक हात. ड्रायर आता बंद आहे. ही काच खरी काच नाही, ॲक्रिलिक आहे, उष्णतेनं तिला बारीक तडे जातात, असं म्हणाले. मी म्हटलं, परवापर्यंत तर तुम्ही ड्रायर मारत होतात. तर म्हणाले, "परवापर्यंत मला माहीत नव्हतं."

मग कसं कळलं? त्यांनी टेपचं रीळ माझ्या हातात दिलं.

दादा, ती पट्टी काळी होते तेव्हा बघायला फार छान वाटतं. राखाडीतून ओली काळी रेघ निघते आणि खिडकीला एकदम नजर आल्यासारखी होते. डाव्या बाजूच्या दोन्ही झाल्या. उजवीकडच्या पहिलीपाशी आलो आणि अण्णा म्हणाले, आज पुरे.

मी म्हटलं, अजून उजेड आहे. त्यावर ते खुर्चीतूनच त्या खिडकीकडे बघत म्हणाले, "हीच गळली."

मग मला जे माहीत होतं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. ते आणि मी उज्जैनला लग्नाला गेलो होतो. निघताना त्यांनी तुला बजावलं होतं की उजव्या खिडकीचं रबर संशयास्पद आहे, ते बदलल्याशिवाय बोट काढू नकोस. आणि तू जानेवारीच्या थंडीत, दमेकरी आईला घेऊन तिघऱ्याच्या धरणावर गेलास. वारा सुटला, लाटा उडाल्या, खिडकी गळली, ती भिजली. आम्ही परतलो तेव्हा ती हॉस्पिटलमध्ये होती आणि मग घरी आलीच नाही. "रबर बदलायला एक दुपार लागली असती," असं म्हणाले. रागानं नाही. राग असता तर मला काय करायचं ते कळलं असतं.

विक्रमसिंह पुढच्या रविवारी येताहेत.

सिमू


१३ ऑक्टोबर

दादा,

बोट विकली नाही. विक्रमसिंह भोपाळहून ट्रेलर घेऊन आले होते, त्यांना चहा-पोहे देऊन, माफी मागून परत पाठवलं. ते सज्जन निघाले. जाताना खिडक्यांवरून हात फिरवून म्हणाले, "काम अच्छा हुआ है, दीदी."

का परत पाठवलं ते आज लिहिता येत नाही. मी कोणालातरी शब्द दिलाय. अण्णांच्या डोक्यात काही बिघाड नाही, एवढं नक्की. बिघाड असलाच तर माझ्या डोक्यात आहे, कारण काल दुपारपासून मी आळीपाळीनं हसतेय आणि रडतेय, आणि मंदाताई आता माझ्यावर लक्ष ठेवून आहेत.

तुला एकच विचारते. तुझ्या घरात सध्या जेवताना काय बोलणं होतं? कोणी काही विचारतं का तुला? विचारलं तर उत्तर दे.

सिमू


२ नोव्हेंबर

दादा,

अंतराचा काल फोन आला. तिनं तुला सगळं सांगितलं आणि तू समुद्रावर फिरायला निघून गेलास, असं म्हणाली. म्हणजे आता मी लिहायला हरकत नाही.

त्या रविवारी विक्रमसिंह आवारात शिरले तेव्हा अण्णा उजव्या खिडकीचा टेप काढत होते. मी त्यांना तेव्हाच सांगितलं की हे बोट न्यायला आलेत. वाटलं होतं, भांडतील, आडवे पडतील. ते नुसते खुर्चीत बसले. हातातला टेप बोटांना चिकटला होता, तो सुटेना. म्हणाले, "मला विचारायचं होतंस." एवढंच. मी म्हटलं, बोट दादाची आहे, दादा विका म्हणाला. त्यांनी मान हलवली, जणू ते बरोबरच होतं.

आणि तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला, त्यांनी सवयीनं बटण दाबलं आणि स्पीकर मोठ्यानं बोलायला लागला. "आजोबा! टेप काढली का? हळूच काढा हं, पेंट येणार नाही तर." मुलीचा आवाज, मराठी अडखळत.

त्यांची श्रवणयंत्रं फोनला जोडलेली असतात. फोन आला की तो थेट त्यांच्या कानात वाजतो, बाहेर कोणाला काही ऐकू येत नाही. ती जोडणी मीच दुकानात करून घेतली होती आणि विसरले होते. त्या दिवशी यंत्रं घरात चार्जिंगला लावली होती, म्हणून आवाज बाहेर आला. इतके दिवस ते हवेशी बोलत नव्हते, दादा. तुझ्या मुलीशी बोलत होते.

अंतरानं माझ्या क्लिनिकचा नंबर इंटरनेटवर शोधला होता. जूनमध्ये तिनं फोन केला तेव्हा मी पेशंटमध्ये होते आणि अण्णा बाहेर बसले होते, त्यांनी उचलला. सात-आठ वर्षांची असताना पाहिलेली नात. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "आजोबा, ती बोट आहे का अजून?" अण्णा म्हणाले, आहे. खरं तर त्यांनी तोवर ताडपत्री उचलूनसुद्धा पाहिली नव्हती. ती सुट्टीत तिथल्या एका बोटींच्या यार्डात काम करते हे मला आत्ता कळतंय. तिनंच त्यांना शिकवलं: ड्रायर नको, बुटाचं पॉलिश तर अजिबात नको (तेही करून झालं होतं), आधी धुवा. तिथली सकाळ आणि इथली संध्याकाळ, रोज. पपांना सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं. मलाही सांगायचं नाही, कारण मी तुला सांगेन.

डिसेंबरात ती येते आहे. तिकीट काढलंय. तेही तू आता ऐकलं असशील.

त्या दिवशी मी फोन हातात घेतला तर ती घाबरून म्हणाली, "आत्या, प्लीज बोट विकू नका." तिनं मला आत्या म्हटलं. मला कोणी आत्या म्हणत नाही. मी विक्रमसिंहांकडे वळून काय बोलले ते मला नीट आठवत नाही.

आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण नंतर आठवडाभर मी अण्णांशी धड बोलले नाही. त्यांचं खाणं, औषधं, बीपी, कानांच्या डॉक्टरांकडच्या चकरा, सगळं मी बघते आणि ते हसायचे मात्र फोनवर, माझ्यापासून लपून. मी त्यांना वेडं ठरवायला निघाले होते आणि त्यांनी मला ठरवू दिलं, पण शब्द मोडला नाही. हे चांगलं की वाईट? तू सांग. तू पण तसाच आहेस.

सिमू


१६ नोव्हेंबर

दादा,

हे सावकाश वाच.

सगळ्या पट्ट्या झाल्या. शेवटचं काम राहिलं होतं, खिडक्यांच्या फटीत नवं सीलंट भरायचं, पाणी आत येऊ नये म्हणून. अंतरानं बजावलं की भरण्याआधी पाणी मारून बघा, कुठं गळतं तिथं आतून खूण करा, उगाच सगळीकडे फासू नका. म्हणून आज दुपारी मी बागेचा पाइप घेतला आणि अण्णा केबिनमध्ये बसले, हातात बॅटरी आणि खडू.

डावीकडे मारलं. आतून आवाज आला, "कोरडं." उजवीकडच्या मागच्या खिडकीवर मारलं, तीही कोरडी. मग पुढची, ती. मी बराच वेळ धार धरली, वरून, बाजूनं, अगदी कोपऱ्यात. आतून काहीच आवाज नाही. मी विचारलं, खूण केली का? म्हणाले, "अजून मार." मी नळ पूर्ण सोडला. "अजून." माझे हात गारठले. शेवटी मी पाइप खाली ठेवून आत डोकावले. अण्णा बाकावर बसले होते, खिडकीच्या खालच्या कडेवर तळवा ठेवून. तळवा माझ्यासमोर धरला. सुका होता.

आम्ही रबर बदललेलं नव्हतं, दादा. वरवर काळं केलं, एवढंच. इतकी वर्षं उन्हात तापून, थंडीत आकसून जे रबर आज थेंब आत येऊ देत नाही, ते तेव्हा कसं गळेल?

अण्णांना हे माझ्या आधी कळलं होतं. ते त्या काचेच्या खटक्याकडे बघत होते. ती काच सरकते, आणि खटका फक्त आतून आहे. तू बाहेर सुकाणूवर होतास. आत आई एकटीच होती.

"पाणी सुरू कर," ते म्हणाले. मला वाटलं, पुन्हा एकदा खात्री करायचीय. मी बाहेर येऊन धार धरली. तेवढ्यात आतून काच सरकली आणि अण्णांनी चेहरा बाहेर काढला, थेट पाण्यात. मी पाइप वळवायला गेले तर हातानंच नको म्हणाले. डोळे मिटलेले, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "तिला वारा हवा असणार. घरात सगळ्या खिडक्या मी बंद ठेवायचो."

मी त्यांना बाहेर आणलं, शर्ट बदलला, शाल गुंडाळली. हीटरसमोर बसून ते हात शेकत राहिले. मग विचारलं, "तो खिडकी गळली असं का म्हणाला?"

मला माहीत नाही. आईनं तुला तसं सांगायला सांगितलं होतं का, अण्णा तिला बोलतील म्हणून? की तुझं तूच ठरवलंस? जिन्यात ते तुला नको ते बोलत होते तेव्हा मी तिथंच उभी होते. तू कठड्याला धरून ऐकून घेतलंस. 'खिडकी तिनं उघडली', एवढं एक वाक्य बोलला असतास तर सगळं थांबलं असतं. तू आईवर काही येऊ दिलं नाहीस आणि घर सोडून गेलास. मी इतकी वर्षं तुझ्यावर रागावलेय, की तू साधं रबरसुद्धा बदललं नाहीस. आता तो राग कुठं ठेवू? तुझ्यावर नवा राग यायला लागलाय, पण तो पहिल्यासारखा वाटत नाही. मला काही सुधरत नाही. कदाचित त्या हिवाळ्यात ती तशीही टिकली नसती. कदाचित तिला ते आमच्याहून जास्त माहीत होतं. अण्णांना हे बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्याही मनात तेच चाललं असावं, कारण उठता उठता म्हणाले, "खूश होती का ती, तेवढं विचारायचंय."

मी म्हटलं, मी लिहून विचारते. म्हणाले, "नको. मी विचारतो." आणि तुझा नंबर मागितला. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. तेव्हापासून तो त्यांच्या खिशात आहे आणि ते घरभर येरझारा घालताहेत. एकदा मला येऊन विचारलं, तिथं आता किती वाजले असतील. एकदा विचारलं, त्याला अरे-तुरे करू ना? मी म्हटलं, अण्णा, तो तुमचा मुलगा आहे.

आज नाही तर उद्या त्यांचा फोन येईल. इथला नंबर दिसला की उचल, दादा, या वेळी तरी. ते मुद्द्यावर लगेच येणार नाहीत. आधी रबराबद्दल बोलतील, टूथब्रशनं कसं घासलं, दोन हात दिल्यावर रंग कसा धरला, उजवीकडे जास्त वेळ का लागला. खूप वेळ बोलतील. तू मध्ये काही बोलू नकोस. ऐकत राहा.

सिमू